नमुना

माणसाच्या लघवीचा नमुना घ्यायचा तर एक बाटली लागते आणि कडी असलेलं एक दार लागतं. कुत्र्याच्या बाबतीत दोन्हींचा उपयोग नाही. बाटलीचं तोंड लहान पडतं, आणि दाराआडचा कार्यक्रम उघड्यावर, सोसायटीच्या हिरवळीवर, सकाळी सहा वाजता, हास्यक्लबच्या साक्षीनं उरकावा लागतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी बँकेतून निवृत्तच झालो नसतो. यात निवृत्तीचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. तो संबंध पुढे एका डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिला.

जनावरं आमची नव्हेत, लेकीची. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना ती ‘थोडे दिवस’ ठेवून गेली. बर्फी ही लॅब्रॅडॉर कुत्री, आणि पंत हा बोका. बोका पार्किंगमध्ये सापडलेला, पण तोरा सनदी. पुढचे पाय छातीखाली दुमडून, डोळे अर्धे मिटून तो बसतो तेव्हा आपण अर्ज घेऊन उभे आहोत आणि अर्जात काहीतरी राहिलंय असं वाटतं. मी नोकरीत असताना आमचे संबंध सलोख्याचे होते. सकाळी साडेसातला मी डोंबिवली स्टेशन गाठायचो, रात्री आठला परत. तेवढ्या वेळात घर त्या दोघांचं आणि सौ.चं असायचं.

मग मी निवृत्त झालो. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि दुसऱ्या सोमवारी माझ्या लक्षात आलं की या घरात शिस्त म्हणून नाही.

पुरावाही लगेच मिळाला. बर्फीनं दिवाणावर शू केली. पुढे रविवारच्या पुरवणीवर केली, तीही मी ती वाचत असताना. जन्म शाखा व्यवस्थापनात गेलेला माणूस अशा वेळी जे करील तेच मी केलं. वेळापत्रक केलं. सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सात, रात्री दहा. कागद फ्रिजला चुंबकानं लावला आणि बर्फीला समोर बसवून वाचून दाखवला. तिनं शेपूट हलवली. मी ती सही समजलो.

अंमलबजावणी मात्र शून्य. ती दर वीस-पंचवीस मिनिटांनी दाराशी जाऊन उभी राहायची. चार मजले लिफ्टनं खाली न्यावं, तर हिरवळीवर बसायची आणि चार थेंब सांडायची. उठायची, दोन पावलं चालायची, पुन्हा बसायची. या वेळी थेंबही नाही, नुसतीच बैठक. रात्रीही तेच. पायजमा, बनियन आणि पट्टा अशा वेशात मला खाली-वर करताना पाहून वॉचमननं शेवटी विचारलं, “साहेब, घरात सगळं ठीक आहे ना?” मी त्याला शिस्तीचं महत्त्व सांगितलं. तो ‘हो साहेब’ म्हणाला. बँकेत माझे शिपाईही याच सुरात ‘हो साहेब’ म्हणायचे.

शेजारच्या काकूंनी निदान केलं, “अहो, उन्हाळी लागली असेल तिला. धन्या-जिऱ्याचं पाणी द्या.” ते काढलं. बर्फीनं वास घेतला आणि भांडं नाकानं माझ्याकडे सरकवलं. मला स्वतःला अधूनमधून जळजळतं म्हणून मीच प्यालो. गुण आला. तो मला.

लाल रंग सौ.नं पाहिला. फरशी पुसताना तिला फडक्यावर गुलाबी डाग दिसला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “अहो, तुमचं ते वेळापत्रक काढा आणि डॉक्टरांचा नंबर लावा.”

डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची डॉक्टरीण. तिनं बर्फीचं पोट चाचपलं, शेपटीखाली पाहिलं, मला प्रश्न विचारले. मी ‘बेशिस्त’ हा शब्द वापरला तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं.

“काका, तिला मूत्राशयाचा दाह झालाय. लघवी साठवताच येत नाहीये. ती घरात करत नाही, तिची होते.”

मग तिनं समजावलं. कुत्रीचा मूत्रमार्ग कुत्र्यापेक्षा आखूड आणि रुंद असतो, म्हणून जंतूंना वर चढायला वाट सोपी. ते जंतूही बहुतेक वेळा घरचेच, आतड्यातून बाहेर पडलेले, त्यांत ई. कोलाय हा सर्वांत नेहमीचा. लक्षणं म्हणावी तर सारखी लागणं, थेंब थेंब होणं, रक्त येणं, मागची जागा सारखी चाटणं. रक्त सोडलं तर यातलं एकूण एक मी पाहिलं होतं आणि एकूण एक मनातल्या मनात गैरवर्तणुकीच्या रजिस्टरमध्ये नोंदवलं होतं.

“उद्या नमुना आणा. सकाळचा पहिला. स्वच्छ, कोरड्या डब्यात. जमल्यास मधल्या धारेचा. आणि तासाभरात इथे पोचवा.”

मधल्या धारेचा! माणसाला हे सांगितलं तर तो क्षणभर थांबतो, बाटली पुढे करतो. बर्फीला कोण सांगणार, की सुरुवातीची धार सोडून दे, मग मला हाक मार?

रात्री स्वयंपाकघरात शस्त्रांची निवड झाली. पळी लहान. ओगराळं खोल असतं, पण त्याचा दांडा सरळ वर जातो. बसलेल्या कुत्रीच्या खाली ते सरकवलं तर दांडा तिच्या पोटात रुतणार. झाऱ्याचा विचार मी बोलून दाखवला आणि सौ.नं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती तिनं लग्नानंतर पहिल्या वर्षी वापरली होती. उरला लांब दांड्याचा, स्टीलचा, आमटीचा डाव. तो तिनं दिला. देण्याआधी दांड्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका मारला आणि म्हणाली, “हा आता तुमचा.” निवृत्तीनंतर मला मिळालेली ही एकमेव स्थावर-जंगम मालमत्ता.

नमुना भरायला बाटली हवी होती. केमिस्टकडे निर्जंतुक डबी काही रुपयांत मिळते हे मला ठाऊक होतं, पण घरात इतक्या रिकाम्या बाटल्या असताना विकत का घ्या, हा प्रश्न माझ्या पिढीला पडतोच. मी मधाची एक बाटली निवडली. विसळली. उपडी घातली.

सकाळी सहाला आम्ही हिरवळीवर उतरलो. एका हातात पट्टा, एका हातात डाव, खिशात बाटली. हास्यक्लब जमला होता. ‘हा-हा-हो-हो’चा पहिला हप्ता चालू होता. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि तिथेच फसलो. डाव माझ्या पाठीमागे होता, तो आता त्यांच्या अगदी समोर आला.

आणि एक गोष्ट आमच्या नियोजनात सुटली होती. बर्फीच्या जगात डाव ही वस्तू फक्त एका प्रसंगी दिसते. डाव पातेल्यात जातो, बाहेर येतो, त्यात भात-चिकन असतं आणि ते तिच्या ताटलीत पडतं. मी डाव खाली आणला मात्र, ती शू विसरून टुणकन माझ्याकडे वळली, शिकवल्याप्रमाणे शिस्तीत बसली आणि तिच्या जिभेवरून लाळेची तार सुटली. डाव नेऊ त्या दिशेनं तिचं तोंड, आणि नमुना येणार तो नेमका विरुद्ध टोकाकडून. मी डाव्या बाजूनं फिरलो, ती डावीकडे फिरली. पट्टा माझ्या पायांना गुंडाळला. आम्ही दोघं एकाच दोरीत बांधलेल्या अवस्थेत हिरवळीच्या मधोमध उभे राहिलो, आणि माझ्या लक्षात आलं की पलीकडचं हसू आता क्लबचं राहिलेलं नाही. ते मनापासूनचं होतं.

शेवटी एक ज्येष्ठ सभासद पुढे आले. “तुम्ही डाव सदऱ्याच्या आत लपवा. ती बसली की मी खोकतो.” असा सल्ला देणारा माणूस आयुष्यात एकदा तरी भेटावा. मी आकाशाकडे पाहत उभा राहिलो. बर्फी माझा नाद सोडून गवताकडे वळली. खोकला आला. मी गुडघ्यावर बसून, डाव क्षितिजसमांतर ठेवून, जो काही हात मारला त्याला टाळ्या पडल्या. पहिल्या धारेचा, मधल्या धारेचा की शेवटच्या, हे सांगता येणार नाही. चार थेंबांना मधली धार नसते.

ते चार थेंब आणि पुढच्या बैठकांतले उरलेसुरले असं करत करत बाटलीचा तळ भरला. मी ती छातीशी धरून रिक्षा केली. माझ्या सहीनं कोट्यवधींचे ड्राफ्ट निघाले आहेत; इतक्या काळजीनं मी त्यातला एकही नेला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी नमुन्यात रंगीत पट्टी बुडवली. तिच्यावर चौकोन असतात, एकेक चौकोन एकेका गोष्टीचा. “ही पट्टी मूळ माणसांसाठी,” त्या म्हणाल्या. “पांढऱ्या पेशी, नायट्राइट आणि घनता हे तीन चौकोन जनावरांच्या बाबतीत भरवशाचे नसतात. त्यांच्याकडे मी बघतच नाही.” घनतेसाठी त्यांनी एक थेंब दुर्बिणीवजा छोट्या यंत्रावर घातला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिलं. मग पुन्हा पट्टीकडे पाहिलं. चेहरा गंभीर झाला.

“काका, साखर खूप दिसतेय.”

पोटात गोळा आला. आमच्या घराण्यात साखर आहे. बर्फीला ती माझ्याकडून गेली असावी असं क्षणभर खरंच वाटलं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की मधुमेह असलेल्या कुत्र्यांना लघवीचा संसर्ग वारंवार होतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असणं नवलाचं नाही; इन्शुलिनची इंजेक्शनं द्यावी लागतील, दिवसातून दोनदा, जन्मभर. मी मनात फ्रिजवरच्या वेळापत्रकात दोन रकाने वाढवले. बर्फीच्या कानाच्या कडेला टोचून त्यांनी रक्ताचा थेंब घेतला, माणसांच्याच धर्तीच्या यंत्रात घातला. आकडा शंभरच्या आत. अगदी निरोगी.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली आणि झाकणाच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं.

“काका, ही बाटली कशाची?”

मी सांगितलं. लघवीला मुंग्या लागतात का हे पाहून निदान करणारे आपले प्राचीन वैद्यही या बाटलीपुढे फसले असते, असं मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. डबीत साखरेचा अंश असला, ब्लीचचा अंश राहिला, तरी तो साखरेचा चौकोन खोटं बोलतो, म्हणाल्या. धुतलेली बाटली म्हणजे स्वच्छ बाटली नव्हे.

एवढं होईपर्यंत आम्ही तिथे तासभर काढला होता, आणि बर्फीनं दवाखान्यातलं पाण्याचं भांडं रिकामं केलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर आडवं केलं, पोटावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं, पडद्यावर एक काळा गोल दिसला. म्हणाल्या, “वा, आज थोडं भरलंय.” आणि बारीक सुईनं पोटातूनच थेट मूत्राशयातून काही मिलिलिटर ओढून घेतले. बर्फी त्या वेळी नर्सच्या हातातलं बिस्किट खात होती. तिला कळलंसुद्धा नाही.

“हे असं घेता येतं?”

“जंतू वाढवून बघायचे असतील तर असंच घ्यायचं. वाटेत कुठलेच बाहेरचे जंतू मिसळत नाहीत.”

“मग कालच का नाही घेतलं?”

“काल मूत्राशय रिकामं होतं, काका. सुई कुठे घालणार?”

म्हणजे डाव, हास्यक्लब, खोकला, रिक्षा, सगळं बाद. मी नमुना परत मागितला, कारण तो टाकून देणं जिवावर आलं होतं. त्यांनी दिला नाही.

कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. आला तेव्हा अपराधी ई. कोलायच निघाला. अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या मिळाल्या. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या संसर्गाला हल्ली तीन ते पाच दिवसांचा कोर्स पुरतो. पूर्वी दोन-दोन आठवडे देत. गोळी पोळीत दिली तर बर्फी पोळी खाऊन गोळी स्वच्छ करून बाजूला ठेवायची, चीजमध्ये दिली की दोन्ही गिळायची. दिवाण वाचला. प्रकरण मिटलं.

आणि मी मूत्रविकारांतला तज्ज्ञ झालो. लिफ्टमध्ये कुणाच्या कुत्र्यानं पाय उचलला तरी माझं मत तयार असायचं. याच काळात पंत लिटरच्या ट्रेमध्ये जास्त वेळ बसू लागला.

आधी मला ते कौतुकाचं वाटलं. चार वेळा गेला, पाचव्यांदा गेला. वाकून बसायचा, उकरायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. मग ओरडायला लागला, तेही दबक्या, घोगऱ्या आवाजात, जो आम्ही कधी ऐकला नव्हता. सौ. म्हणाली, बद्धकोष्ठ आहे, इसबगोल द्या. मी हसलो. अनुभवी माणूस हसतो तसा. “संसर्ग आहे,” म्हणालो. “बर्फीच्या गोळ्या उरल्यात. अर्धी देतो. आणि दुखत असणार, तर पॅरासिटामॉलची पाव.”

पाव तुकडा करायला मी सुरी घेतली आणि तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिला जेवलात का विचारायचं होतं. पडद्यात तिला मी दिसलो, सुरी दिसली, गोळी दिसली, मागून पंताचा आवाज आला.

“बाबा! खाली ठेवा ते! काहीही देऊ नका त्याला. डॉक्टरांना फोन करा. आत्ता. माझ्यासमोर.”

पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाचं यकृत ते ज्या पद्धतीनं निकामी करतं ती सोय मांजराच्या यकृतात जवळपास नाही. आपली एक गोळी बोक्याला पुरते, संपायला. हे मला त्या रात्री फोनवर कळलं. रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि डॉक्टरीणबाईंच्या आवाजात झोप होती, पण दुसऱ्याच वाक्याला ती उडाली.

“बोका आहे ना? लघवी होतेय का? थेंब तरी?”

मी टॉर्च घेऊन ट्रेसमोर बसलो. बेंटोनाइटची माती ओली झाली की गोळे होतात. चमच्यानं सगळी माती चाळली. एक गोळा नाही. माती इतकी कोरडी की धूळ उडाली.

“थांबू नका,” त्या म्हणाल्या. “ठाण्यात रात्रभर उघडं असणारं हॉस्पिटल आहे, पत्ता पाठवते. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.”

टॅक्सीत पंत टोपलीतून सबंध रस्ता ओरडत होता. कल्याण फाट्याच्या पुढे मात्र गप्प झाला, आणि ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं. सौ.नं टोपलीत हात घातला तो ठाणं येईपर्यंत काढला नाही. या भागात विनोद नाही. शोधला तर सापडेल, पण मी शोधणार नाही.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी त्याच्या पोटाला हात लावला आणि माझा हात ओढून तिथे ठेवला. आत मोसंबीएवढं काहीतरी टणक लागलं. ते मूत्राशय होतं. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाशी फारच अरुंद. चिकट स्राव, सुटलेल्या पेशी आणि स्फटिक यांचं बूच तिथे बसलं की लघवी कोंडते. ती कोंडली की मूत्रपिंडं थांबतात, रक्तात पोटॅशियम चढत जातं, आणि पोटॅशियम चढलं की हृदय मंदावत मंदावत बंद पडतं. एक-दोन दिवसांत. संसर्ग हा शब्द डॉक्टरांनी उच्चारलाही नाही. मी उच्चारला.

“जवान बोक्यांमध्ये संसर्ग क्वचित असतो,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या मांजरांत जास्त. ह्यांच्यात बहुतेकदा जंतू नसताना मूत्राशय सुजतं. कुत्र्यावरचा उपाय इथे लागू नाही.”

माझं तज्ज्ञपद ठाण्यात संपलं.

पंताचा ईसीजी काढला, सलाईन लावलं, भूल दिली, केसाएवढी वाटणारी नळी घालून सलाईनच्या पिचकारीनं बूच मागे ढकललं. नळीतून लाल लघवी वाहायला लागली तेव्हा सौ. रडली. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर भिंत होती.

त्याला काही दिवस तिथेच ठेवलं. मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून माहिती विचारली. वय, वजन, खाणं. पाणी किती पितो? बेताचंच. मांजरं आफ्रिकेतल्या वाळवंटी रानमांजराच्या कुळातली. तहान कमी आणि लघवी दाट, हा त्यांचा वंशवारसा. कोरडं खाणं दिलं की ती आणखी दाट होते. हे सगळं लिहून झालं.

“गेल्या काही महिन्यांत घरात काही बदल? नवीन माणूस, नवीन प्राणी, रंगकाम, घर बदललं? मांजरांना ताण आला की मूत्राशयावर येतो.”

मी ‘काही नाही’ म्हणायला तोंड उघडलं.

“हे रिटायर झाले,” सौ. म्हणाली.

डॉक्टरांनी पेन उचललं. “म्हणजे आता दिवसभर घरी असतात?”

“दिवसभर.”

मग तिनं यादी दिली. खिडकीजवळच्या ज्या खुर्चीवर पंत अकरा ते चार उन्हात झोपायचा तिथे आता मी पेपर वाचतो. ट्रे शांत कोपऱ्यात होता. नीटनेटकं दिसावं म्हणून मी तो वॉशिंग मशीनशेजारी नेला, आणि मशीन सुरू झालं की पंत ट्रेमधून उडतो. लिटर मी स्वस्तातलं, गुलाबाच्या वासाचं आणलं. दुपारच्या झोपेतून उठवून मी त्याचे केस विंचरतो. त्याचंही वेळापत्रक केलंय, बर्फीच्या खाली, हिरव्या शाईत.

डॉक्टर लिहीत होते. उलटं वाचायची सवय मला काउंटरवर लागली आहे. पूर्वेतिहास या रकान्यात त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं: मालक निवृत्त.

प्रिस्क्रिप्शनही बव्हंशी माझ्याबद्दलच होतं. ट्रे मूळ जागी न्या, आणखी एक ठेवा. मांजरं जितकी त्यापेक्षा एक ट्रे जास्त, हा हिशेब. बिनवासाचं लिटर. ओलं खाणं. पाण्याची भांडी घरभर, खाण्यापासून लांब. उंचावर बसायला एक जागा. झोपेतून उठवायचं नाही. खुर्ची परत करा. हे शेवटचं त्यांनी तोंडी सांगितलं. सौ.नं त्यात स्वतःचं एक कलम घातलं: अकरा ते पाच तुम्ही वाचनालयात.

अहवाल आला तेव्हा कल्चरमध्ये काहीच वाढलं नव्हतं. एकही जंतू नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र स्फटिक होते, शवपेटीच्या झाकणाच्या आकाराचे, स्ट्रुव्हाइट. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट. कुत्र्यांत याचे खडे बहुतेकदा जंतूंमुळे होतात, मांजरांत बहुतेकदा जंतूंशिवाय. खास आहारानं हे विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे असते तर विरघळले नसते.

वाचनालयात आता माझ्या विषयाची सगळ्यांना धास्ती आहे. मी तिथे शोधून काढलं की जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रांट नावाच्या गृहस्थानं १६६९ साली सोनं मिळेल या आशेनं पिंपंच्या पिंपं लघवी उकळली. सोनं नाही, अंधारात चमकणारा फॉस्फरस हाती आला. आणि त्याच हॅम्बुर्गमध्ये १८४५ साली उलेक्स या रसायनतज्ज्ञानं जमिनीत सापडलेल्या स्फटिकांना फॉन श्ट्रूव्हे यांच्या सन्मानार्थ स्ट्रुव्हाइट हे नाव दिलं. नाव देऊन एखाद्याचा असा सन्मान करू नये, असं माझं मत आहे. पण ब्रांटबद्दल मला जिव्हाळा वाटतो. इतकी लघवी त्यानं गोळा कशी केली असेल, आणि शेजारी काय म्हणाले असतील, हे पुस्तकात कुठेच नाही. ज्यानं कधी डाव हातात धरला नाही त्यानं तो इतिहास लिहिला असणार.

पंत घरी आहे. खुर्ची त्याची आहे. घरात पावलोपावली पाण्याची भांडी आहेत आणि रात्री उठलो की त्यांतल्या एकात माझा पाय जातो; तो मात्र पाणी माझ्याच पेल्यातलं पितो. बर्फीला आता नेमानं खाली नेतो, वेळ तिची. डाव पोटमाळ्यावर आहे. त्यावरचा लाल ठिपका पुसायचा मी एकदा प्रयत्न केला होता, तो सौ.नं पाहिला, आणि आता डावाबरोबर सबंध संचच नवा आलाय.

तुमच्या घरी कुत्री असेल आणि ती अचानक घरात शू करायला लागली, तर रागावण्याआधी डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना केमिस्टकडून निर्जंतुक डबी घ्या. मधाची बाटली मधालाच राहू द्या. आणि बोका असेल, तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय आणि माती कोरडी आहे असं दिसलं, तर धन्या-जिऱ्याचं पाणी नको, इसबगोल नको, कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्या नकोत, माणसांच्या तर मुळीच नकोत. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी बोलवा. सकाळचा दवाखाना उघडेपर्यंत त्याच्याकडे वेळ असेलच असं नाही.